व्याख्यान साडेपाचचं, श्रोते सहाचे

विद्यापीठाच्या इतिहास विभागानं घेतलेली व्याख्यानं, वारसा फेऱ्या, स्नेहमेळावे यांबद्दल या महिन्याच्या टपालात बरेच प्रश्न आले. कोल्हापुरात असे कार्यक्रम वर्षानुवर्षं उभे करणाऱ्या मंडळींकडून ही उत्तरं घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमचं सार्वजनिक व्याख्यान म्हणजे हजेरीसाठी बसवलेले साठ विद्यार्थी आणि पहिल्या रांगेत पाच प्राध्यापक. पत्रिकेवर 'सर्वांना मुक्त प्रवेश' छापतो, तरी गावातलं कुणी फिरकत नाही. काय चुकतं? – सहायक प्राध्यापक, गडहिंग्लज

बहुतेक वेळा पहिली चूक विषयाच्या नावात असते. 'मराठेकालीन समाजजीवनाचे विविध पैलू' हे पत्रिकेवर वाचून स्टेशन रोडवरचा दुकानदार शटर ओढून येणार नाही. आता तोच वक्ता, तोच अभ्यास घ्या आणि नाव द्या 'पन्हाळ्याच्या अंबरखान्यात धान्य किती मावायचं?'. गंगा, यमुना, सरस्वती ही तिन्ही कोठारं कोल्हापूरकरानं सहलीत पाहिलेली असतात आणि गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य राहायचं, हे गाइडच्या तोंडून ऐकलेलंही असतं. वीस मणांची एक खंडी. मग तो आकडा त्या भिंतींच्या मापात बसतो का, गडावरची शिबंदी, म्हणजे राखणीची फौज, त्यावर किती महिने तगेल, हे ऐकायला माणसं येतात. नावात एक जागा, एक वस्तू किंवा एक प्रश्न असावा. 'पैलू', 'आढावा', 'चिकित्सक अभ्यास' हे शब्द शोधनिबंधाला ठेवा.

दुसरी गोष्ट जागेची. शिवाजी विद्यापीठाचा परिसर शहराच्या कडेला आहे आणि तो पायी फिरायचा म्हणजे दमछाक. सत्तरीच्या श्रोत्याला वक्ता कोण यापेक्षा 'सात वाजता सुटल्यावर केएमटी (शहर बस) मिळेल का' याची काळजी जास्त असते. म्हणून शहरासाठीचं व्याख्यान शहरातच घ्यावं. दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन सगळ्यांच्या पायाखालचं आहे. विभागातल्या सभागृहात तज्ज्ञांसाठीचे कार्यक्रम ठेवा. महिन्याला एकच कार्यक्रम झेपत असेल तर दोन आत, एक बाहेर, असा पाळा लावा. आणि वार ठरवून टाका, उदाहरणार्थ दर महिन्याचा दुसरा शनिवार. तीन-चार महिने वार चुकला नाही की लोक पत्रिकेची वाट बघत नाहीत.

निरोप पोचवण्याचा क्रमही सांगतो. पंधरा दिवस आधी वक्त्याकडून शीर्षक आणि चार ओळी लेखी घ्याव्यात. आठवड्यापूर्वी ग्रंथालयांत कागदी सूचना लावावी. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या १८५० पासून चालत आलेल्या वाचनालयात पेपर वाचायला येणारा माणूस हाच तुमचा खरा श्रोता आहे. तीन दिवस आधी स्थानिक आवृत्त्यांकडे 'शहरात आज'साठी दोन ओळींचं निवेदन जावं, पानभर नको, कारण पानभर मजकूर उपसंपादक कापतो आणि नेमकी वेळच कापली जाते. आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर पोस्टर टाकावं. त्यावर वार, तारीख, वेळ, जागा मोठ्या अक्षरात हवी. सात मान्यवरांचे फोटो आणि खाली मुंगीएवढी वेळ, असली पोस्टरं कुणी वाचत नाही.

वेळेचं म्हणाल तर पत्रिकेवर साडेपाच लिहिलं की माणसं सहाला येतात, हे धरूनच चाला. पण वेळेवर आलेल्या पंचवीस जणांना त्याची शिक्षा नको. 'साडेपाच : कागदपत्रांच्या प्रती पाहणे, पाच पन्नास : व्याख्यान' असं छापा. दाराशी टेबलावर विषयाचे चार नकाशे, मोडी लिपीतल्या दोन जुन्या कागदांच्या मोठ्या प्रती मांडा आणि जवळ एक विद्यार्थी उभा करा. पाच पन्नासला मात्र घड्याळ बघून सुरू करा, मग अध्यक्ष आलेले असोत की नसोत.

प्रश्न : दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार असं होईतो चाळीस मिनिटं जातात. वक्त्याला बोलायला मिळतो उरलासुरला वेळ. यातलं काय काढता येईल? – एम. ए. भाग २ ची विद्यार्थिनी, राजारामपुरी

स्वागतगीत काढा. कुणी विचारणार नाही.

बाकीच्याचं गणित नव्वद मिनिटांचं ठेवा. प्रतिमेला हार आणि स्वागत मिळून पाच मिनिटं, प्रास्ताविकात परिचय मिसळून पाच, व्याख्यान पंचेचाळीस, प्रश्न पंचवीस, अध्यक्ष सात, आभार तीन. परिचय वाचणाऱ्याला ऐंशी ते शंभर शब्दांचा कागद द्या. वक्त्यानं पाठवलेला चार पानी बायोडेटा तसाच्या तसा वाचणं, पुरस्कारांच्या यादीसकट, हा श्रोत्यांचा आणि वक्त्याचाही छळ आहे. यंदाच्या विषयाशी जुळणारी तीन कामं सांगितली की पुरे.

सत्कार शाल-श्रीफळाऐवजी पुस्तक देऊन करण्याची चाल आता रुळली आहे. फेटा बांधायचाच असेल तर तो कार्यक्रमाआधी आत बांधा, कारण व्यासपीठावर फेटा बांधायला चार मिनिटं जातात आणि सगळं सभागृह मोबाइल काढून उभं राहतं. शाल दिलीत तर माइक लावण्यापूर्वी ती काढून खुर्चीवर ठेवायला सांगा. कॉलर माइकवर शाल घासली की स्पीकरमधून खरखर येते, आणि साउंडवाला बिचारा वायरी तपासत बसतो.

वक्त्यांना निमंत्रणपत्रातच लिहा : 'व्याख्यान ४५ मिनिटे, त्यानंतर प्रश्नोत्तरे २५ मिनिटे.' माइकवर मराठी बोलताना मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द होतात, म्हणजे पंचेचाळीस मिनिटांत पाच हजार शब्द. वीस पानी टिपणं घेऊन आलेले पाहुणे निम्म्यावर अडकतात आणि मग 'वेळेअभावी' करत शेवटचा, म्हणजे सगळ्यात नवा भाग गाळतात. पहिल्या रांगेतल्या एका विद्यार्थ्याजवळ '१०', '५' आणि 'आता प्रश्न' अशा तीन पाट्या द्या. चिठ्ठी व्यासपीठावर पाठवू नका. चिठ्ठी वाचण्यात वक्त्याचा धागा तुटतो आणि सभागृहालाही कळतं.

प्रश्न : वर्षाचं वेळापत्रक लावताना कोल्हापुरात कोणत्या तारखा टाळाव्यात? – विभाग समन्वयक

परीक्षांचे दोन हंगाम सोडा, ते तुम्हाला ठाऊकच आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरगावचा वक्ता नको, पूर आला की रस्ते बंद होतात आणि मानधनापेक्षा हॉटेलचं बिल मोठं होतं. गणपतीचे दहा दिवस संध्याकाळी कुणी मोकळं नसतं. नवरात्रात महाद्वार, भवानी मंडप या बाजूला गाडी लावायला जागा नाही. किरणोत्सवाच्या, म्हणजे मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीवर पडण्याच्या दिवसांतही (साधारण ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी) मावळतीच्या वेळी सगळी पावलं अंबाबाईकडे वळतात.

धरायच्या तारखांत २६ जून, राजर्षी शाहू महाराजांचा जन्मदिवस (१८७४), आहेच. पण त्या दिवशी शहरात एवढे कार्यक्रम असतात की तुमचा त्यात हरवतो. त्यानंतर आठवड्यानं घ्या. माणगाव परिषदेची २१-२२ मार्च (१९२०), नोकऱ्यांत निम्म्या जागा मागास वर्गांना राखून ठेवणाऱ्या शाहू महाराजांच्या आदेशाची २६ जुलै (१९०२) या तारखांवर तुलनेनं गर्दी कमी आणि बोलायला खूप. १८ नोव्हेंबर हा विद्यापीठाचा स्थापनादिन, १९६२ चा. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासकार होते, तेव्हा त्या आठवड्यात संशोधनाच्या साधनांवर व्याख्यान ठेवायला कारण आयतं आहे.

प्रश्न : मोडी कागद पडद्यावर दाखवले तर लोक कंटाळतात. न दाखवता बोललो तर 'पुरावा काय' म्हणतात. मध्यम मार्ग? – संशोधक विद्यार्थी, कागल

लोक कागदाला कंटाळत नाहीत, अख्खं पान एकदम दाखवल्यानं कंटाळतात. मागच्या रांगेतल्याला ते पान म्हणजे मुंग्यांची रांग. एका व्याख्यानाला तीनच कागद घ्या. प्रत्येकाचे तीन पडदे करा. पहिल्यावर पूर्ण पान दहा सेकंद, नुसतं रूप कळावं म्हणून. दुसऱ्यावर दोनच ओळी मोठ्या करून आणि त्यांच्या बरोब्बर खाली देवनागरी लिप्यंतर, ओळीखाली ओळ. तिसऱ्यावर आजच्या मराठीत अर्थ. छापील लिप्यंतर जवळ असलं तर काम हलकं होतं. आप्पासाहेब पवारांनी संपादित केलेली ताराबाईकालीन कागदपत्रं त्यासाठी हाताशी ठेवावीत.

कालगणनेची ओळ मात्र सोडू नका. तिथं सभागृह हमखास जागं होतं. समजा पत्रात आहे 'सुरू सन इसन्ने सबैन मया व अलफ'. ही आकडेमोड श्रोत्यांकडूनच करून घ्या. इसन्ने दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे शुहूर सन (पत्रातलं 'सुरू सन' ते हेच) ११७२. हे वर्ष मृगाला सुरू होतं. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्राला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे पत्र १७७१ किंवा १७७२ चं. नेमकं कोणतं, ते महिन्यावरून. 'छ' म्हणजे चंद्र, त्यापुढे तारीख आणि हिजरी महिना असतो. फसली, म्हणजे महसुली सन असेल तर ५९०-५९१ मिळवायचे आणि शके असेल तर ७८ (चैत्राच्या आधीच्या जानेवारी-मार्चला ७९).

नेहमीच्या तीन चुका अशा. 'सबा' म्हणजे सात आणि 'सबैन' म्हणजे सत्तर. घाईत एकाचं दुसरं झालं की पत्र साठ-सत्तर वर्षं सरकतं आणि त्यातला पेशवाच बदलतो. तीच गत 'खमस' आणि 'खमसैन'ची. तिसरी चूक इंग्रजी तारखांची. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन पंचांगाची आहे. आजच्या ग्रेगोरियन पंचांगानं ती १६ जून येते. सतराव्या शतकात हा फरक दहा दिवसांचा होता. इंग्लंडनं पंचांग बदललं १७५२ मध्ये, तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता. शिवाय तिथं नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळे फेब्रुवारी १६३० ची घटना त्यांच्या वहीत १६२९ मध्ये सापडते. व्याख्यानात दोन ग्रंथांच्या तारखा शेजारीशेजारी ठेवणार असाल तर आधी कोण कुठल्या पंचांगानं लिहितोय ते बघा. नाहीतर प्रश्नोत्तरांत पहिला हात त्यावरच वर होतो, आणि तो योग्यच असतो.

तांत्रिक बाजूची एक सूचना. सादरीकरण जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये केलेलं असेल तर दुसऱ्या संगणकावर अक्षरांचा कचरा दिसतो. मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि पीडीएफही पेनड्राइव्हवर ठेवा. अक्षर २८ पॉइंटच्या खाली नको. प्रोजेक्टर तीन हजार ल्युमेनच्या आसपासचा असला तरी व्यासपीठावरचे दिवे पडद्यावर पडत असतील तर मोडी शाई धुऊन निघते. तेवढी एक दिव्यांची रांग बंद करण्याचं बटण कुठलं आहे, ते शिपायाला आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

प्रश्न : प्रश्नोत्तरांत एकच गृहस्थ उठतात आणि दहा मिनिटं स्वतःचं भाषण करतात. शिवाय इतिहासाचा विषय, कुणाच्या भावना कधी दुखावतील सांगता येत नाही. प्रश्न बंद करून टाकावेत का?

बंद करू नका. प्रश्न काढले तर ते व्याख्यान राहत नाही, आकाशवाणी होते.

भाषणाचा उपाय सोपा आहे. फिरता माइक श्रोत्याच्या हातात द्यायचा नाही, स्वयंसेवकानं धरायचा. हे ऐकायला उद्धट वाटतं, पण दोन वाक्यांनंतर माइक हळूच मागे घेता येतो. सुरुवातीलाच सूत्रसंचालकानं सांगावं की एका व्यक्तीला एक प्रश्न आणि तो तीस सेकंदांत. लेखी चिठ्ठ्यांचा डबाही फिरवा. बायका, विद्यार्थी आणि उभं राहायला संकोचणारी माणसं चिठ्ठीनं विचारतात, आणि चिठ्ठ्यांमधले प्रश्न बहुतेकदा जास्त नेमके निघतात. चिठ्ठ्या निवडायला वक्त्याला देऊ नका, अध्यक्षांना द्या.

भावनांचं म्हणाल तर तापतो तो सूर. वक्त्याला आधीच सांगा की प्रत्येक वादाच्या विधानाला 'हे कुठल्या कागदात आहे, तो कागद कुठं आहे, तो कितपत भरवशाचा' या तीन गोष्टी जोडा. समकालीन पत्र, नंतरची बखर आणि लोकपरंपरा यांचं वजन सारखं नसतं, हे स्वच्छ बोललं की निम्मा वाद तिथंच मिटतो. कुणी उठून 'हे खोटं आहे' म्हणालं तर वक्त्यानं वाद घालू नये. अध्यक्षांनी 'आपल्याकडचं साधन कोणतं, ते लिहून द्या, पुढच्या कार्यक्रमात त्याचं उत्तर येईल' असं म्हणावं आणि खरंच पुढच्या कार्यक्रमात त्याचं उत्तर द्यावं. दिलेला शब्द विसरला की तेच गृहस्थ पुढच्या वेळी दहा जण घेऊन येतात. नावं घेतानाही सांभाळा. छत्रपती, महाराज ही बिरुदं शोधनिबंधात गाळली जातात, सभागृहात गाळू नयेत. तिथं तो शिष्टाचार आहे, आणि त्यानं अभ्यासाचं काही बिघडत नाही.

प्रश्न : विभागातर्फे वारसा फेरी काढायची आहे. भवानी मंडपापासून पंचगंगा घाटापर्यंत. किती माणसं, किती थांबे? – इतिहासाचे शिक्षक, कसबा बावडा

पंचवीस माणसं. त्यापुढे गेलात तर शेवटच्याला पहिला शब्द ऐकू येत नाही आणि तो चहाच्या टपरीवर थांबतो. नावनोंदणी तीस जणांची घ्या, पाचएक जण येत नाहीतच. पुढे बोलणारा, मागे रांग ओढणारा आणि रस्ता ओलांडताना वाहनं थोपवणारे दोघं, असे चौघं लागतात.

सकाळी साडेसहाला जमा, पावणेसातला चालायला सुरुवात. दोन तासांत पाच थांबे बसतात, प्रत्येकी आठ-दहा मिनिटांचे. भवानी मंडप आणि जुना राजवाडा हा पहिला. अंबाबाईच्या देवळाचं बाहेरून दिसणारं बांधकाम दुसरा. आत दर्शनाच्या रांगेत माणसं सांडली की पुन्हा जमवता येत नाहीत, म्हणून दर्शन फेरी संपल्यावर ज्यानं त्यानं घ्यावं. तिसरा टाऊन हॉल, १८७२ ते १८७६ मध्ये बांधलेला. तिथल्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकाडातून निघालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेच्या काठी ग्रीक समुद्रदेव काय करतोय, या एका प्रश्नावर अख्खी फेरी उभी राहते. सातवाहन काळातला रोमशी असलेला व्यापार समजावायला त्याहून सोपा पुरावा या गावात नाही. पण सकाळी संग्रहालय उघडं नसतं, त्यामुळे मूर्तीचा छापील फोटो बरोबर घ्या आणि ज्यांना खरी पाहायची त्यांना दुपारी परत येण्याची वेळ सांगा. सुट्टीचा वार आधी विचारून ठेवावा. चौथा थांबा ब्रह्मपुरी. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी इथं उत्खनन केलं. आज तिथं घरंच घरं दिसतात, म्हणून उत्खननाचा नकाशा हातात देणं भाग आहे. नाहीतर लोक विचारतात, 'बघायचं काय?' पाचवा घाट.

घाट पावसाळ्यात धरूच नका. ठरवलीच फेरी तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी सकाळी बघा. ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे कोल्हापूरच्या पोरालाही पाठ असतं. पण घाटाच्या खालच्या पायऱ्या त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातात आणि उतरल्यावरही दोन दिवस शेवाळ असतं. तेव्हा शेवटचा थांबा शिवाजी पुलाजवळ, रस्त्याच्या पातळीवर घ्या.

आवाजासाठी कमरेला लावायचा छोटा स्पीकर चालतो. तो माणसांच्या उंचीवर, छातीशी धरा. पाठीवर लावला तर आवाज मागच्यांना जातो आणि समोरच्यांना नाही. गल्लीत सकाळी सात वाजता आवाज बेतानं ठेवा. इतिहास कितीही थोर असला तरी रविवारची झोप मोडलेला माणूस ऐकत नाही. आणि स्वच्छतागृह कुठं आहे, हे फेरी सुरू होण्यापूर्वीच सांगा. त्यासाठी कुणी प्रश्न विचारत नाही, पण निम्मी माणसं तेवढ्यासाठीच मधून निघून जातात.

प्रश्न : माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्याला मिसळ ठेवायची आहे, साठ माणसं. आचाऱ्याला काय सांगायचं? – माजी विद्यार्थी, शाहूपुरी

साठ ताटांना कोरडी मटकी तीन किलो. मोड आल्यावर ती सात किलोच्या आसपास भरते. फरसाण चार किलो, कांदा तीन किलो, लिंबं तीस, कट (वरून घालायचा तिखट रस्सा) पंधरा लिटर. कट कमी धरू नका. कोल्हापुरात दुसऱ्यांदा कट मागितला जात नाही अशी मिसळ अजून व्हायची आहे. पातेली दोन सांगा, एक झणझणीत आणि एक बेताची. बाहेरगावी स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांची मुलंबाळं बरोबर असतात. माणशी तीन स्लाइस धरून ब्रेडचे बारा मोठे पुडे.

रविवारी सकाळी नऊला मिसळ हवी तर मटकी शुक्रवारी रात्री भिजली पाहिजे. शनिवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची. डिसेंबर-जानेवारीत थंडीनं मोड उशिरा फुटतात, तेव्हा शुक्रवारी दुपारीच भिजवा. पावसाळ्यात फडकं घट्ट बांधलं तर मटकीला आंबूस वास लागतो आणि कटाचा कितीही मसाला तो झाकत नाही.

चहा शंभर जणांचा धरला तर दहा लिटर तयार चहा लागतो. दूध सहा लिटर, चहापूड पाव किलो, साखर किलोला थोडी कमी. बिनसाखरेचा एक थर्मास वेगळा ठेवा, त्यावर कागद चिकटवून. चहा व्याख्यानाच्या आधी ठेवला की लोक वेळेवर येतात. नंतर ठेवला की लोक थांबतात आणि बोलतात. स्नेहमेळाव्याला नंतर, व्याख्यानाला आधी.

मेळाव्यात आणखी एक करता येतं. जुने गटफोटो मोठ्या प्रतींत टेबलावर पसरून शेजारी पेन्सिली ठेवा आणि ओळखलेली नावं फोटोखालच्या कोऱ्या पट्टीवर लिहायला सांगा. मूळ फोटोवर कुणालाही लिहू देऊ नका. दोन तासांत विभागाच्या जुन्या अल्बमला नावं मिळतात. एरवी ती कुणालाच सांगता येत नसतात.

प्रश्न : हिशेब आणि अहवाल यांत महिना जातो. काही सोपं करता येईल?

सोपं होत नाही, आधी करता येतं. मानधनाचं व्हाउचर, पॅनकार्डाची प्रत आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत वक्ता गाडीत बसण्यापूर्वी घ्या. पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव यांत आडनावापुढचं एक अक्षर वेगळं निघालं तरी बिल परत येतं. प्रवासाची मूळ तिकिटंच लागतात, त्यांचा फोटो चालत नाही. मांडव, ध्वनी, जेवण यांची दरपत्रकं तारखांसह कार्यक्रमापूर्वीची हवीत. उचल घेतलेली असेल तर ३१ मार्चपूर्वी तिचा हिशेब द्या.

नॅकच्या (महाविद्यालयं-विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायलीला सूचना, पत्रिका, सह्यांची हजेरी, स्थळ-वेळ उमटलेले फोटो आणि एक पानी अहवाल लागतो. स्थळ-वेळ दाखवणारं अॅप ज्याच्या फोनवर आहे, त्याचं लोकेशन चालू आहे ना ते आधी बघा. कार्यक्रम उलटल्यावर ते फोटो पुन्हा मिळत नाहीत. हजेरीच्या कागदावर नागरिकांसाठी वेगळा रकाना ठेवा, गाव किंवा पेठेसह. वर्षाअखेर विद्यार्थी किती आणि शहरातले किती, हे त्यावरून कळतं.

प्रश्न : व्याख्यानाचं चित्रीकरण यूट्यूबवर टाकलं तर हरकत काय?

वक्त्याची लेखी संमती निमंत्रणाच्या वेळीच घ्या. काही अभ्यासक अप्रकाशित कागद दाखवतात, त्यांना तो भाग नको असतो. पुराभिलेखागारातल्या किंवा खासगी दप्तरातल्या कागदांची छायाचित्रं असतील तर ती प्रसिद्ध करायची परवानगी वेगळी लागते. सभागृहात दाखवायला मिळालेली परवानगी इंटरनेटला पुरत नाही. श्रोत्यांचे चेहरे प्रश्न विचारताना टिपू नका, कॅमेरा वक्त्यावरच राहू द्या. प्रश्न वक्त्यानं माइकवर एकदा परत म्हणावा, नाहीतर ध्वनिफितीत नुसतीच उत्तरं राहतात.

आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर न घेता साउंडवाल्याच्या मिक्सरवरून वायरनं घ्या. ती वायर त्याच्याकडे असेल असं गृहीत धरू नका. फाइलला नाव देताना तारीख आधी, मग आडनाव, मग विषय. 'अंतिम', 'अंतिम नवीन' आणि 'अंतिम खरं' अशा तीन फाइली ज्या विभागाच्या संगणकात नाहीत, असा विभाग दाखवा.

प्रश्न : बाहेर मैदानात कार्यक्रम घेतला तर ध्वनिक्षेपकाचं काय?

पोलिसांची परवानगी आठवडाभर आधी मागा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, म्हणून पोवाडा किंवा शाहिरी ठेवणार असाल तर तो कार्यक्रम साडेनऊला संपेल असाच लावा. शाहीर रंगात आला की त्याला थांबवायची हिंमत कुणाची होत नाही.